रिपोर्ट म्हणतो धूळ पेटत नाही, मग एलेव्हेटर दर उन्हाळ्यात का भडकतो?

तक्रार साधारण एकाच वळणाची असते. अकोला, वाशीम, अमरावतीकडची डाळ मिल, तालुक्याच्या गावाबाहेर रस्त्याला लागून. नवी तूर आली की मिल जोरात चालू होते आणि फेब्रुवारी-मार्चपासून रोलरच्या पुढचा बकेट एलेव्हेटर (पट्ट्यावरच्या डब्यांनी माल वर चढवणारं यंत्र) त्रास द्यायला लागतो. आधी वरून जळका वास, मग एखाद्या दिवशी भप्पकन आवाज, झाकण उडतं, पिवळा भडका बाहेर येतो आणि विझतो. पट्टा बदलतात, बेअरिंग बदलतात. महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. विम्यासाठी कधीतरी धुळीची चाचणी करून घेतलेली असते आणि त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं असतं की दिलेला नमुना स्फोटक्षम नाही. शेठजी तोच कागद पुढं करतात. "भाऊ, लॅबवाले म्हनतात पेटत नाही, मंग हे काहून पेटते?"

लॅब इथे सहसा खोटं बोलत नसते. तपासलेली धूळ एक आणि जळणारी धूळ दुसरी, असा घोळ असतो. दुखतं पोट आणि रिपोर्ट डोळ्यांचा. म्हणून पट्ट्याला हात लावायच्या आधी मी रिपोर्ट मागतो, आणि त्यातही निकालाचा रकाना सोडून नमुन्याचं वर्णन आधी वाचतो.

नमुना कुठून उचलला होता?

डाळ मिलमध्ये धूळ एका जातीची नसते. क्लीनिंगच्या सायक्लोनखाली, म्हणजे हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या भांड्याखाली, जमते ती बहुतेक शेतातली काळी माती, काडीकचरा, शेंगांचे तुकडे. रोलरवर तूर घासली जाते तिथे सालाची भुकटी आणि डाळीचं पीठ निघतं. पुढे ग्रेडर-पॉलिशरकडे जवळजवळ निव्वळ पीठ. आता नमुना भरायला सांगितला की हेल्पर जातो कुठे? जिथे भरलेलं पोतं तयार आहे तिथे, म्हणजे क्लीनिंगच्या सायक्लोनखाली.

माती जळत नाही. उलट ढगात ती उष्णता पिऊन घेते आणि ज्योत पुढे सरकू देत नाही. भूमिगत कोळसा खाणींमध्ये दगडाची भुकटी मुद्दाम पसरतात ती याच गुणासाठी; चंद्रपूर-वणीकडे खाणीत काम केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. म्हणजे बहुतेक मातीच असलेला नमुना पाठवला तर "स्फोट नाही" हा निकाल बरोबरच असू शकतो. तो फक्त तुमच्या एलेव्हेटरचा नाही.

हे पकडायला सोपा उपाय आहे. लॅबला राखेचं प्रमाण काढायला सांगा. ही स्वस्त चाचणी आहे, धान्य तपासणारी कुठलीही बरी प्रयोगशाळा करते. निव्वळ डाळीच्या पिठात राख तीन-चार टक्क्यांच्या आसपास निघते. तुमच्या नमुन्यात तीस-चाळीस टक्के निघाली तर तो रिपोर्ट मातीचा आहे, बाजूला ठेवा.

दुसरा घोळ बारीकपणाचा. झाडून गोळा केलेल्या केरात चुनी, टरफलाचे तुकडे, सुतळीचे धागे असं सगळं असतं. ढग होऊन पेटायला कण साधारण ५०० मायक्रॉनच्या आतले लागतात आणि खरी आग बारीक कणांची असते. २० लिटरच्या बंद, पोकळ धातूच्या गोळ्यातल्या चाचणीसाठी जी अमेरिकन पद्धत जगभर वापरतात, त्या एएसटीएम ई १२२६ मध्ये नमुन्याचा किमान ९५ टक्के भाग ७५ मायक्रॉनच्या खाली असावा आणि ओलावा ५ टक्क्यांपेक्षा कमी असावा अशी शिफारस आहे. काही लॅब "जसा आला तसा" तपासून देतात आणि तसं लिहितातही, बारीक अक्षरात. त्यात लबाडी नाही. पण जमिनीवरचा केर जसा आला तसा तपासून तुमच्या हाती काही लागत नाही.

तिसरा, ओलाव्याचा. पावसाळ्यात मिल थंड असते, तेव्हा कुणाला तरी विम्याच्या नूतनीकरणाची आठवण होते आणि श्रावणात नमुना जातो. धूळ हाताला सर्द लागत असते. ती पेटायला जास्त ऊर्जा मागते. भडका होतो एप्रिलमध्ये, जेव्हा ओट्यावर वाळवलेली तूर कडकडीत असते आणि हवेत ओल नावालाही नसते. तेव्हा रिपोर्टवरची तारीखसुद्धा बघत जा.

योग्य नमुना असा घ्या. वीज तोडून, स्विचला कुलूप लावून, त्रास देणाऱ्या एलेव्हेटरच्या डोक्याच्या आतून आणि त्याच्या वरच्या लोखंडी आड्यावरून, अँगलवरून धूळ मऊ ब्रशने काढा. सगळ्यात बारीक धूळ सगळ्यात उंच जाऊन बसते. पूर्ण चाचणीसाठी साधारण किलोभर लागते, नेमकं किती ते लॅबला आधी विचारा. हवाबंद डब्यात भरा, चाळू नका, चाळणं लॅबचं काम. डब्यावर मशिनचं नाव, तारीख, त्या दिवशी चालू असलेला माल आणि तुरीला कोणतं तेल लावलं होतं ते लिहा. हमखास विचारतात की सगळीकडची धूळ मिसळून एकच पाठवली तर खर्च वाचेल का. वाचेल, आणि वाया जाईल. पैसे एकाच नमुन्याचे असतील तर आड्यावरची पाठवा.

घरगुती चाचणीबद्दल इथेच सांगून टाकतो. मूठभर भुसा शेगडीवर उधळून "पाहा, पेटतो की नाही" असं दाखवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. पेटला तर हात-तोंड भाजतं. नाही पेटला तरी काहीच सिद्ध होत नाही, कारण उघड्यावरचा ढग आणि एलेव्हेटरच्या पत्र्याच्या बंद पायात, म्हणजे उभ्या नळकांड्यात, दाबलेला ढग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धूळ, हवा आणि ठिणगी यांच्या जोडीला धूळ उधळलेली असणं आणि जागा बंदिस्त असणं, या पाच गोष्टी जमल्या की स्फोट होतो. एलेव्हेटरमध्ये यातल्या चार गोष्टी रोजच हजर असतात. ठिणगी तेवढी यायची असते.

लॅबकडे काय मागायचं

"डस्ट एक्स्प्लोजन टेस्ट करून द्या" एवढंच लिहिलं तर लॅब पेटते की नाही एवढं पाहून कागद देईल. त्याने तुमचं काम होत नाही.

पेटल्यावर जोर किती हे सांगणारी दोन मूल्यं असतात: कमाल दाब आणि के-एसटी, म्हणजे दाब किती झपाट्याने चढतो त्याचा आकडा. ती २० लिटरच्या गोळ्यात किंवा एक घनमीटरच्या भांड्यात काढतात. गोळ्यात धूळ हवेच्या दाबाने उडवतात आणि साधारण ६० मिलिसेकंदांनी ५ किलोजूलचे दोन रासायनिक प्रज्वलक पेटवतात. के-एसटी २०० पर्यंत असेल तर धुळीचा वर्ग एसटी १, २०० ते ३०० एसटी २, त्याच्या वर एसटी ३. धान्याच्या बहुतेक धुळी एसटी १ मध्ये बसतात. कधीकधी फार कमकुवत धूळ या जोरदार प्रज्वलकांमुळे गोळ्यात थोडी पेटल्यासारखी दिसते, तेव्हा एक घनमीटरच्या भांड्यात खात्री करतात. डाळीच्या पिठाला त्याची गरज क्वचितच पडते.

एसटी १ म्हणजे किरकोळ, असा अर्थ काढून निवांत बसलेले मालक भेटतात. साखरही साधारण एसटी १ मध्येच येते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या इंपीरियल शुगर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ ला त्याच साखरेच्या धुळीने १४ माणसं मेली. तिथलं कारणही आपल्या कामाचं आहे. सायलोखालचा स्टीलच्या पट्ट्याचा कन्व्हेयर वर्षानुवर्षं उघडा चालला होता. २००७ मध्ये माल स्वच्छ राहावा म्हणून तो पत्र्याने बंद केला, पण आतली धूळ ओढून घ्यायची सोय केली नाही. तपासात संशय गेला तो तापलेल्या बेअरिंगवर. आपल्याकडेही अन्नसुरक्षेच्या नावाखाली उघडे कन्व्हेयर झाकण्याची लाट आली आहे. झाका, जरूर झाका, पण धूळ ओढणारी सक्शन लाइन जोडूनच झाका.

पुन्हा पुन्हा भडकणाऱ्या एलेव्हेटरसाठी मात्र मला के-एसटीपेक्षा दुसरी तीन मूल्यं जास्त उपयोगी वाटतात: ढग पेटायला लागणारी किमान ऊर्जा, ढग पेटायचं किमान तापमान आणि ५ मिलिमीटरचा थर तापलेल्या पृष्ठभागावर पेटायचं किमान तापमान. के-एसटी सांगतं की पेटल्यावर किती नुकसान होईल. ही तिन्ही सांगतात की पेटवतंय कोण. व्हेंट पॅनलचं (स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या झाकणाचं) क्षेत्रफळ काढायला के-एसटी लागतंच, ते सोडून चालत नाही. मातीच्या नमुन्याच्या के-एसटीवर बसवलेलं व्हेंट लहान पडतं, हेही लक्षात असू द्या.

आकडे हातात आले की हिशेब सोपा आहे. विद्युत उपकरणांसाठीच्या आयईसी ६००७९-१४ या मानकाचा नियम असा: यंत्राच्या पृष्ठभागाचं तापमान ढगाच्या प्रज्वलन तापमानाच्या दोन-तृतीयांशापेक्षा वर जाऊ द्यायचं नाही, आणि ५ मिलिमीटर थराच्या तापमानातून ७५ अंश वजा करून येईल त्याच्याही वर जाऊ द्यायचं नाही. समजा ढगाचं तापमान ४२० अंश निघालं आणि थराचं ३००. पहिल्याने मर्यादा २८०, दुसऱ्याने २२५. लहान ती खरी, म्हणजे २२५ अंश सेल्सिअस. थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड साचू दिला तर तो याहून कमी तापमानालाही पेटतो. मोटारीवर बोटभर भुसा बसलेला असेल तर हा हिशेब लागू नाही. आधी भुसा काढा.

४० अंशांची मेख

ही गोष्ट विदर्भात फार कमी जण तपासतात. स्फोटरोधक मोटार, दिवा, जंक्शन बॉक्स यांच्या पाटीवर तापमानाचा वर्ग लिहिलेला असतो. पाटीवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो वर्ग भोवतालची हवा उणे २० ते ४० अंश असताना खरा. मे महिन्यात अकोल्यात सावलीतला पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडखाली एलेव्हेटरच्या डोक्याजवळ, छतापासून हातभर अंतरावर, त्याहून किती जास्त ते स्वतः थर्मामीटर लटकवून बघा. तिथली मोटार पाटीवरच्या आकड्यापेक्षा तेवढीच जास्त तापणार. खरेदी करताना पाटीवर सभोवतालचं तापमान ५० किंवा ५५ अंश लिहिलेलं उपकरण मागा. मिळतं, थोडं महाग पडतं. तोवर डोक्यावरच्या पत्र्याला वायुवीजन द्या.

पाटीवरचा गटही वाचा. आयआयआयए म्हणजे उडणारे तंतू, जिनिंगमधल्या कापसासारखे. आयआयआयबी म्हणजे वीज न वाहणारी धूळ, आपली डाळीची यात येते. आयआयआयसी म्हणजे वीज वाहणारी धूळ. जिनिंग मिलमधून जुना दिवा काढून डाळ मिलमध्ये लावला तर तो आयआयआयए चा निघू शकतो, आणि मग तो इथे चालत नाही. उलट दिशेने चालतो.

आता एलेव्हेटर उघडा

भडका कुठे आणि कधी होतो हे नोंदवून ठेवलं तर अर्धं काम होतं. डोक्याकडच्या कव्हरचा रंग फुगलेला, करपलेला असेल तर पट्टा घसरतोय. मधल्या पायावर आतून चकाकणारी उभी रेघ दिसली तर पट्टा किंवा बकेट पत्र्याला घासतंय. खालच्या बुटात, म्हणजे माल भरतो त्या तळाच्या पेटीत, काळं पडलं असेल तर तुंबणं किंवा लोखंडाचा तुकडा. वेळही बोलते. सकाळी सुरू करताच भडका होत असेल तर बहुधा बूट भरलेला असताना बटण दाबलं जातंय, किंवा रात्री आत धुमसत राहिलेला गोळा सकाळच्या वाऱ्याने फुलतोय. रोलरचे एमरी दगड बदलल्यावर होत असेल तर खडे, खिळे, नट यांच्याकडे बघा.

सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतो तो घसरणारा पट्टा. बूट तुंबलं, पट्टा थांबला, पण वरची पुली फिरतच राहते. रबर आणि लोखंडाचं घर्षण एकाच जागी होत राहतं, काही मिनिटांत रबर धुरावतं आणि भोवती डाळीचं पीठ तरंगतच असतं. यावर उपाय फार जुना आहे: खालच्या शाफ्टवर वेग मोजणारा सेन्सर. पट्ट्याचा वेग नेहमीच्या वेगापेक्षा २० टक्क्यांनी कमी झाला की मोटार बंद. अमेरिकेत धान्याच्या कोठारांना हा कायद्याने घालून दिलेला आकडा आहे. आपल्याकडेही नव्या एलेव्हेटरसोबत हा सेन्सर येतो. आणि मग? "सारखा ट्रिप मारते, काम खोळंबते," म्हणून वायरमन जंपर, म्हणजे सेन्सरला वळसा घालणारी तार, टाकून देतो. पॅनल उघडून हा जंपर शोधणं हे माझं पहिलं काम असतं. सेन्सर सारखा ट्रिप करत असेल तर तो खराब नाही, पट्टा घसरतोय हेच तो ओरडून सांगतोय. टेन्शन तपासा, पुलीचं लॅगिंग (वरचं रबरी आवरण) झिजलं असेल तर बदला, आणि रोलरमधून येणारा माल एलेव्हेटरच्या क्षमतेपेक्षा जास्त नाही ना ते बघा. हंगामात तोच जास्त असतो. पुढच्या मशिन थांबल्या की मागच्या आपोआप थांबतील असं इंटरलॉक हवं. नाहीतर एलेव्हेटर बंद, रोलर चालू, बूट काठोकाठ भरलेलं, आणि पुन्हा तेच चक्र.

बेअरिंग पत्र्याच्या बाहेर हवेत, आत नकोत. आत असतील तर बदलून घ्या, यात वाद नाही. तापमान बघायला आजकाल सगळ्यांकडे लेझरची गन असते. पण चकचकीत धातूवर ती खोटं, कमी तापमान दाखवते. बेअरिंगच्या हाउसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा. ग्रीस जास्त भरलं तरी बेअरिंग तापतं. "भरपूर ग्रीस घातलं" हे मिस्त्रीचं वाक्य ऐकलं की मी आधी हात लावून बघतो.

रोलरच्या आधी चुंबक लावलेला असतो, पण तो साफ कोण करतं? खिळ्यांनी भरलेल्या चुंबकावरून नवा खिळा सरळ पुढे जातो. पाळी बदलताना साफ करायचा, एवढं ठरवून टाका.

स्थितिक वीज, उन्हाळ्यातली

कोरड्या हवेत वीज साचते, हे लोकरी स्वेटर काढणाऱ्यालाही माहीत असतं. मिलमध्ये ती साचते पट्ट्यावर, पीव्हीसीच्या पाइपवर आणि त्या पाइपला जोडलेल्या लोखंडी क्लॅम्पवर. गावाकडच्या मिलमध्ये माल उतरवायला शेतीचा पीव्हीसी पाइप लावलेला सर्रास दिसतो, स्वस्त पडतो म्हणून. धोका पाइपपेक्षा त्या क्लॅम्पचा. चारही बाजूंनी प्लॅस्टिकने वेगळा पडलेला लोखंडी तुकडा वीज साठवतो आणि एका फटक्यात सोडतो. समजा त्याची धारिता १०० पिकोफॅरड आणि विभव २० हजार व्होल्ट, तर ठिणगीत २० मिलिजूल निघतात. तुमच्या धुळीची किमान ऊर्जा लॅबने किती काढली आहे ते याच्या शेजारी ठेवून बघा. ती ५०० असेल तर हा संशयित सोडून द्या आणि पट्ट्याकडे परत जा. २० ते ३० असेल तर पीव्हीसी आजच काढा.

जीआय पाइप लावा. प्रत्येक फ्लँज तांब्याच्या पट्टीने पुढच्याला जोडा, रंग खरवडून. बॅग फिल्टरच्या आतल्या तारेच्या पिंजऱ्यांना विसरू नका, पिशवी बदलताना त्यांचा अर्थिंगशी संबंध तुटतो. धातूच्या जोडणीचा अर्थपर्यंतचा रोध १० ओमच्या आत सहज यायला हवा. स्थितिक वीज वाहून जायला खरं तर एक मेगाओमसुद्धा पुरतो, पण धातूत एवढा रोध दिसला तर कुठेतरी जोड सुटलेला आहे असं समजा. पट्टाही वीज वाहून नेणारा मागा. अमेरिकेच्या त्याच धान्य-कोठारांच्या नियमात पट्टा आणि लॅगिंगला ३०० मेगाओमची मर्यादा आहे. दुकानदाराला "अँटिस्टॅटिक" एवढंच म्हणू नका, प्रमाणपत्र मागा.

अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल एक. काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते, त्यामुळे पावसाळ्यात उत्तम आलेलं रीडिंग उन्हाळ्यात दुप्पट-तिप्पट झालेलं असू शकतं. स्थितिक विजेला त्याने फार फरक पडत नाही, पण मोटारीच्या बिघाडाला पडतो. खड्ड्यात पाणी टाकायचं काम चौकीदाराकडे द्या आणि रीडिंग मे महिन्यात घ्या.

पहिला भडका मारत नाही, दुसरा मारतो

एलेव्हेटरचं झाकण उडालं, हात पोळला, एवढ्यावर भागलं तर नशीब. पण त्या हादऱ्याने आड्यावरची धूळ खाली येते आणि बाहेर आलेली ज्योत तिला गाठते. हिशेब बघा. घनमीटरला ५०० किलो वजनाची धूळ जमिनीवर फक्त १ मिलिमीटर साचली, तर चौरस मीटरला अर्धा किलो होते. पाच मीटर उंच शेडमध्ये ती पूर्ण उडाली तर घनमीटरला १०० ग्रॅम. धान्याच्या पुष्कळ धुळींना पेटायला एवढा ढग पुरतो.

म्हणून झाडणं हे सुरक्षेचं काम आहे, स्वच्छतेचं नंतर. पण कॉम्प्रेसरच्या पाइपाने फुंकर मारून नाही! ज्या ढगाला आपण भीत आहोत, तो आपणच उडवायचा, हे मला कधीच समजलं नाही. मऊ झाडू, किंवा धुळीसाठी प्रमाणित व्हॅक्यूम, आणि वरून खाली. आड्यांवर तिरका पत्रा ठोकला तर धूळ बसतच नाही, पोत्याच्या किमतीत काम होतं.

भडका झाला की मशिन थांबवा, माल येणं बंद करा, माणसं बाहेर काढा. झाकण लगेच उघडू नका, आत धुमसत असलेल्याला हवा मिळते. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, साचलेली धूळ उडते. बारीक तुषार मारा. पूर्ण थंड झाल्याशिवाय एलेव्हेटर पुन्हा फिरवून "आतलं काढून टाकू" हा प्रयोग तर अजिबात नको, कारण धुमसणारा गोळा बकेटमध्ये बसून थेट सायक्लोनमध्ये जातो.

ऑफ-सीझनच्या वेल्डिंगबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे थोडक्यात: आत धूळ असलेल्या एलेव्हेटरच्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमातलं कलम ३७ नेमकं स्फोटक धूळ आणि वायूसाठीच होतं. यंत्र बंदिस्त ठेवणं, धूळ साचू न देणं, ठिणगी दूर ठेवणं, यंत्र स्फोटाचा दाब सोसणारं नसेल तर व्हेंट किंवा बॅफल (स्फोट पसरू न देणारा अडसर) देणं, हे सगळं त्यात होतं. व्हेंटमधून भुसा गळतो म्हणून त्यावर पत्रा वेल्ड करणाऱ्यांनी एकदा वाचावं. आणि व्हेंटचं तोंड शेडच्या आत, हमालांच्या रांगेकडे नको, बाहेर मोकळ्या जागेत काढा.

सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटवाल्यांसाठी

तुमचा प्रश्न दिसायला सारखा, पण मुळात वेगळा. तुमच्याकडे हेक्झेन आहे, सोयाबीनमधलं तेल विरघळवून काढायचा पेट्रोलसारखा पेटणारा विद्रावक. त्याची वाफ हवेत १.१ टक्का झाली की पेटू शकते, वरची मर्यादा ७.५ टक्के. पेटायला साधारण ०.२४ मिलिजूल पुरतात, म्हणजे डाळीच्या पिठासाठी जो हिशेब वर केला तो इथे कुचकामी. माणसाच्या अंगावर साचलेली वीजही पुरते. ही वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते, नाल्यांत, पंपाच्या खड्ड्यात जाऊन बसते. डिटेक्टर छताला लावलेला दिसला तर तो खाली आणा.

"मीटर शून्य दाखवते तरी वास येते" ही तुमची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असतो, आणि उत्प्रेरक मण्याचा असा मीटर हेक्झेन प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही कमी दाखवू शकतो. हेक्झेनवर कॅलिब्रेट करून घ्या किंवा कंपनीचा गुणक वापरा. आसपास सिलिकॉनचा स्प्रे किंवा सीलंट वापरला असेल तर मणी निकामी होऊन तो कायमच शून्य दाखवतो. चाचणी-वायू सोडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि हा मीटर धूळ मुळीच ओळखत नाही. डीओसीच्या (तेल काढून उरलेल्या पेंडीच्या) गोदामात मीटर फिरवून "सेफ आहे" म्हणणं निरर्थक.

डीओसीत थोडं हेक्झेन राहून गेलं असेल तर फार वाईट जोडी जमते. वाफ तिच्या खालच्या मर्यादेच्या आत आणि धूळही तिच्या मर्यादेच्या आत असताना दोन्ही मिळून पेटू शकतात, आणि ढग पेटायला लागणारी ऊर्जाही उतरते. लॅबला नमुना पाठवताना डबा उघडा ठेवून हेक्झेन उडवून दिलं, तर रिपोर्टमध्ये ही जोडी दिसणारच नाही. लॅबला स्पष्ट लिहा की नमुन्यात विद्रावक असू शकतो, तो कसा पाठवायचा तेही त्यांनाच विचारा, आणि संमिश्र ढगाची चाचणी मागा. हेक्झेनची साठवण आणि तिथली ज्वालारोधक उपकरणं यांच्या मंजुरीचं काम पेसोकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे असतं. तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला प्रत्यक्ष जाऊन विचारायला निमित्त शोधावं लागत नाही.

पुन्हा चाचणी कधी

तुरीवरून हरभऱ्यावर गेलात, रोलरचा दगड बदलला, तुरीला लावायचं तेल बदललं, सायक्लोनच्या जागी बॅग फिल्टर बसवला, किंवा उघडा कन्व्हेयर बंद केला, की जुना रिपोर्ट नव्या धुळीला लागू राहत नाही. यातलं काहीच बदललं नसेल आणि भडके मात्र चालूच असतील तर नव्या चाचणीवर पैसे घालू नका. जुन्या रिपोर्टवर नमुन्याची जागा, राख, कणांचा आकार आणि ओलावा लिहिलेला आहे का ते पाहा. या चार नोंदी असतील आणि नमुना रोलरच्या पुढचा असेल, तर पॅनलमधला जंपर शोधा. नसतील तर लॅबला पत्र टाकून मागवा, त्यांच्या नोंदवहीत बहुधा असतातच.